शाबासकीच्या मेलला माफीनामा! ‘आय टूथ’ म्हणजे नेमका कोणता दात?

सेलूकर_मामा
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज भाच्यानं लिहायला लावलं.

भाचा पुण्यातल्या एका कंपनीत आहे, पण दोन वर्षं झाली, काम सेलूतूनच. आमच्या जुन्या घराच्या माळवदावर एक खोली काढलीय, तेच त्याचं ऑफिस. परवा रात्री त्याला अमेरिकेतल्या साहेबाची मेल आली, यानं केलेल्या कुठल्याशा अहवालाबद्दल. त्यात एक वाक्य होतं : ‘अदर टीम्स वुड गिव्ह देअर आय टीथ फॉर अ रिपोर्ट लाइक धिस.’

पोराला ‘आय’ कळलं, ‘टीथ’ कळलं. दोन्ही जोडून त्यानं अर्थ लावला तो असा, की बाकीच्यांच्या डोळ्यात हा अहवाल खुपायलाय अन् ते दातओठ खायलेत. म्हणजे आपल्याकडनं काहीतरी चुकलं. झालं! रात्री साडेअकराला बसून त्यानं पानभर माफीनामा लिहिला. ‘कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, अहवाल मागं घ्यायची तयारी आहे’ इथपर्यंत. सकाळी साहेबाचं उत्तर आलं. त्यात शब्द एकही नाही, नुसती तीन प्रश्नचिन्हं.

शब्दकोशात बघितलं तर ‘आय टूथ’ म्हणजे वरचा सुळा. आता मला सांगा, सुळ्याचा अन् डोळ्याचा काय संबंध? अन् तो द्यायचा म्हणजे कुणाला द्यायचा, कामून द्यायचा?

बालाघाट
मामा, हे तर बायबलमधलं. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. म्हणजे बदला घेणार. पोरानं माफी मागितली ते बरंच केलं.

खडूफळा
बालाघाट, थांबा जरा, पोराला आणखी घाबरवू नका. ते वचन वेगळं. बायबलच्या निर्गम पुस्तकात ते येतं, आणि त्याच्याही आधी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात तोच हिशोब आहे : बरोबरीच्या माणसाचा दात पाडला तर तुझाही पाडला जाईल. तिथं डोळा वेगळा, दात वेगळा. इथं दोन्ही मिळून एकच शब्द झालाय.

अंबाजोगाईला माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यामुळं जरा लांबण लावते, चालवून घ्या.

आरशासमोर उभे राहा. वरच्या सुळ्यावर बोट ठेवा आणि सरळ वर न्या. नाकपुडीच्या कडेनं बोट थेट डोळ्याखाली येतं. एवढाच संबंध. डोळ्याच्या रेषेतला दात म्हणून ‘आय टूथ’. सोळाव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. जर्मन लोकही त्याला ‘आउगेनत्सान’ म्हणतात, त्याचाही अर्थ डोळ्याचा दात. ‘केनाइन’ हा पुस्तकी शब्द लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी कुत्रा आहे. आणि गंमत म्हणजे लहान लेकरांच्या खालच्या सुळ्यांना जुन्या इंग्रजीत ‘स्टमक टूथ’ म्हणत, पोटाचा दात. ते दात येताना लेकराचं पोट बिघडतं असा समज. आपल्याकडंही जुलाब लागले की ‘दात यायलेत’ म्हणून सोडून देतातच की.

आता वाक्प्रचार. यातला सगळा जीव ‘वुड’मध्ये आहे. कुणी दात उपटून देत नाही. ‘अमुक मिळणार असेल तर सुळासुद्धा द्यायला तयार होतील’ इतकी एखाद्या गोष्टीची हाव, असूया, ओढ. साहेब म्हणत होता की असला अहवाल आपल्याला मिळावा म्हणून बाकीच्या टीम वाट्टेल ते देतील. मामा, ही शाबासकी होती हो! आणि चांगली तोंडभरून.

अर्जात, निवेदनात हे वापरू नये बरं का. माझ्या एका विद्यार्थ्यानं शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘आय विल गिव्ह यू माय आय टीथ’ असं लिहिलं होतं. ‘वुड’ गेलं आणि ‘यू’ आलं, की ते दातांच्या दवाखान्यातलं संमतिपत्र होतं.

मीच_तो_भाचा
मामा, तुम्ही इथं धागा काढलात? नाव नाही टाकलं एवढं तरी बरं.

सेलूकर_मामा
तुझं नाव कुणी विचारलंय? सेलू तेवढं सांगितलंय.

बालाघाट
सेलूत माळवदावर बसून अमेरिकेचं काम करणारे किती आहेत? उद्या सकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळतंय.

औरंगपुऱ्यातली
भाषांतराचं काम करते म्हणून या धाग्यात तोंड घालते. मॅडमनी अर्थ नेमका सांगितला. माझी अडचण पुढची आहे. हे वाक्य मराठीत आणायचं कसं? एका कादंबरीत मला हे अडलं होतं आणि मी दोन दिवस नुसती फेऱ्या मारत होते.

‘जीव ओवाळून टाकतील’ लिहिलं तर त्यात माया येते, हाव येत नाही. ‘एका पायावर तयार होतील’ यात उत्साह आहे, पण किंमत मोजल्याचं दिसत नाही. ‘कातड्याचे जोडे करून घालीन’ हे तर झालेल्या उपकाराबद्दल, इंग्रजीतलं हे अजून न मिळालेल्या गोष्टीबद्दल. ‘अर्धं राज्य देईन’ म्हटलं की लगेच राजकन्या येते. शेवटी मी ‘काय वाट्टेल ते देईल’ लिहून मोकळी झाले. अर्थ पोचला, पण दात गेला तो गेलाच.

कुणाकडं काही सुचतंय का? शब्द अंगावरचा हवा, एकदाच मिळणारा हवा, आणि द्यायला दुखलं पाहिजे.

बालाघाट
किडनी.

औरंगपुऱ्यातली
हसले, पण वाईट नाही. मात्र सुळ्यात जो मिश्कीलपणा आहे तो किडनीत नाही. सुळा दिल्यानं माणूस मरत नाही, नुसता विद्रूप दिसतो.

मांजरथडी
आमच्या लातूरकडं याला ‘रान इकीन’ म्हणतेत. ‘दोन एकर रान इकीन पण पोराला डॉक्टर करीन.’ झालं का तुमचं भाषांतर?

सेलूकर_मामा
आमच्यात वावर म्हणतात, पण बरोबर आहे. माझ्या चुलत्याच्या तोंडात कायम हेच असायचं, ‘वावर इकीन पण...’. शेवटी त्यांनी खरंच इकलं, पोरीच्या लग्नात.

औरंगपुऱ्यातली
तीच तर अडचण आहे मामा. इंग्रजीत सुळा म्हणायचा असतो, काढायचा नसतो. ‘रान इकीन’ म्हटलं की मराठवाड्यातला वाचक लगेच विचारणार, किती एकर? कुणी घेतलं? कोरडवाहू का बागायत? वाक्प्रचार व्हायला ती गोष्ट जराशी खोटी असावी लागते. रान फार खरं आहे.

मांजरथडी
हे मात्र पटलं.

बत्तीशी
लातूरला माझा दातांचा दवाखाना आहे. भाषेतलं मला कमी कळतं, पण हाच दात का, एवढं सांगते.

सुळ्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब. वरचा सुळा टोकापासून टोकापर्यंत साधारण २७ मिमी, त्यातलं १७ मिमीच्या आसपास मूळच. दिसतं ते वरचं शेंडकं, बाकी सगळं हाडात. पक्का वरचा सुळा अकराव्या-बाराव्या वर्षी येतो आणि म्हातारपणी बहुतेक दात पडले तरी हा बऱ्याचदा शेवटपर्यंत चिकटून असतो. असा दात भूल नसताना उपटायचा म्हणजे काय होत असेल? बोस्टनच्या मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं ईथर हुंगवून दात काढला तो १८४६ साली. त्याच्याआधी दात काढायचा म्हणजे चौघांनी धरायचं आणि पाचव्यानं ओढायचं. म्हणून ‘सुळा देईन’ याला वजन होतं.

आता एक गोष्ट, जी माझ्या दवाखान्यात रोज ऐकते. ‘मॅडम, डोळ्याखालचा दात आहे, काढला तर नजर जाईल.’ शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. नाव इंग्रजांनी ठेवलं आणि भीती आपण ठेवली, असं वाटतं मला कधीकधी.

नजर जात नाही. वरच्या दातांच्या दुखण्याची बातमी मेंदूला नेते ती पाचव्या मज्जातंतूची मधली शाखा. डोळ्यानं दिसतं ते दुसऱ्या मज्जातंतूमुळं. वायर वेगळी, मीटर वेगळं. पाचव्याच्याच दुसऱ्या एका शाखेकडं डोळ्याच्या आजूबाजूची जाणीव असते, म्हणून सुळा ठणकला की डोळ्यामागं दुखल्यासारखं होतं, इतकंच. आणि दात पडायचं वय अन् मोतीबिंदूचं वय साधारण एकच असतं. साठीत दात काढला, बासष्टीत दिसायला कमी आलं, दोष दाताला.

सेलूकर_मामा
डॉक्टरताई, आता खरं सांगतो. धागा भाच्याचा होता, पण तुमचं वाचून हात थांबला. आमच्या आईचा (वय ७४) उजवीकडचा वरचा सुळाच दुखायलाय. आठ दिवस झाले. रात्री झोप नाही, नुसती उशाला मिसरीची डबी घेऊन बसते. आज सकाळपासून गालाला सूज आहे अन् ती डोळ्याखालपर्यंत चढलीय. काढू म्हटलं तर ऐकना. ‘आत्याबाईचा असाच डोळ्याखालचा दात काढला, वर्षात डोळा गेला’ म्हणायली. आत्याबाईला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता विचारायचं कुणाला?

बत्तीशी
मामा, चेष्टा बाजूला ठेवा. सूज डोळ्याखाली आलीय म्हणजे मुळाशी पू झालाय. उद्या सकाळी पहिलं काम हेच. सेलूत दातांचा डॉक्टर असेल तर तिथं, नाहीतर परभणी. पापणी सुजून डोळा उघडेना, थंडी वाजून ताप आला, बरळायला लागल्या किंवा गुंगीत गेल्या, तर उद्याची वाट बघू नका, आज रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या. नाकाच्या बाजूच्या शिरा आत मेंदूकडं जातात, तिकडं जंतू जायला वाट असते. आईंना हेच सांगा की धोका दात काढण्यात नाही, ठेवण्यात आहे.

तोपर्यंत बाहेरून शेकू नका. मिसरी दाबू नका. सूज पिळू नका, सुई टोचू नका. आणि डॉक्टरला न विचारता सांगा : शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का.

सेलूकर_मामा
शुगर आहे. गोड सुटत नाही तिचं. उद्या साडेआठला निघतो. ताप नाही सध्या, हात लावून बघितला.

खडूफळा
मामा, थर्मामीटरनं बघा, हातानं नको.

ढोरडॉक्टर
आजींचं उद्या होईल नीट. तोवर धागा जागा ठेवतो.

मी उदगीरकडचा, जनावरांचा डॉक्टर. हळी-हंडरगुळीच्या बाजारात उभं राहिलं की सगळा व्यवहार दातावर चालतो. देवणी असो नाहीतर लाल कंधारी, घेणारा आधी बैलाचा खालचा ओठ खाली ओढतो. पुढचे आठ दात फक्त खालच्या जबड्यात. वर दातच नसतात, नुसती टणक गादी असते. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की ‘जुळला’. जुळल्यानंतर दातावरून वय सांगणं अवघड, मग झीज बघायची. विकणारा म्हणतो आत्ताच जुळलाय, घेणारा म्हणतो जुळून चार पावसाळे झाले.

हे इथं का लिहितोय? बैलाच्या त्या आठांतली कडेची शेवटची जोडी ही खरं तर पटाशीची नाही. शरीरशास्त्रात ती सुळ्याची धरतात, आकार बदलून पटाशीच्या रांगेत येऊन बसलेली. म्हणजे बैल ‘जुळतो’ तो त्याचा आय टूथ आल्यावर!

खडूफळा
डॉक्टरसाहेब, तुम्ही काय सांगितलंत तुम्हाला माहीत आहे का? इंग्रजीत दुसरा वाक्प्रचार आहे, ‘टु कट वन्स आय टीथ’. दात कापणं नव्हे, हिरडीतून दात बाहेर येणं. ज्याचे आय टीथ आले तो जाणता झाला, त्याला कुणी सहज गंडवू शकत नाही. लेकराचे दुधाचे सुळे दीड वर्षाच्या आगेमागे येतात, तेव्हाच त्याला जरा समज यायला लागते, त्यावरून. तिकडं लेकराच्या तोंडात बघितलं, आपण बैलाच्या. दोन्हीकडं सुळा आल्यावरच गडी पुरा झाला.

औरंगपुऱ्यातली
मॅडम, म्हणजे याला मराठीत ‘जुळला’ लिहायचं? ‘तो आता चांगला जुळलाय’?

ढोरडॉक्टर
उदगीरात लिहा. पुण्यात लिहिलंत तर लग्न जुळलं समजतील.

बालाघाट
पण अक्कल तर दाढेत असते ना? अक्कलदाढ.

खडूफळा
तीही इंग्रजीत आहेच, ‘विझडम टूथ’. त्यांनी शहाणपण दोन हप्त्यांत वाटलंय, थोडं सुळ्यात आणि उरलेलं सतराव्या वर्षानंतर. आपल्याकडं अक्कलदाढ म्हणजे फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेली अक्कल आणि घरची दाढ. सगळ्यांनाच त्यात अक्कल दिसत नाही बरं. तुर्की लोक तिला ‘विसाव्या वर्षाचा दात’ म्हणतात. जपानी नाव तर मला फार आवडतं, ‘ओयाशिराझू’, म्हणजे आईबापाला ठाऊक नसलेला.

मांजरथडी
लातूरच्या क्लासच्या गल्लीत खोली करून राहिलेल्या पोरांना ही दाढ तशीच येते. आईबापाला ठाऊक नसताना. रात्री दोनला फोन येतो, ‘पप्पा, जबडा उघडंना.’

बत्तीशी
यातली निम्मी पोरं माझ्याकडं येतात. परीक्षेच्या महिन्यात जास्त.

मीच_तो_भाचा
‘स्वीट टूथ’ला तरी मराठीत दात आहे का? साहेब एकदा म्हणाला होता मला स्वीट टूथ आहे. मी त्याला विचारलं, कीड लागलीय का?

खडूफळा
बाळा, तू साहेबाशी फोनवर बोलत जा, मेल करू नको. ‘गोडघाश्या’. आपण गोडी दातात ठेवलीच नाही, घासात ठेवली.

बालाघाट
अन् कुंथलगिरीच्या पेढ्यात.

सेलूकर_मामा
मंडळी, चार दिवसांनी येतोय, माफ करा.

परभणीला गेलो. शुगर बरीच वाढलेली होती. डॉक्टरनं आधी पू काढून दिला, गोळ्या-इंजेक्शनं दिली, शुगर खाली आणली, मग काल दात काढला. आईनं आत जाताना माझा हात धरून एवढंच विचारलं, ‘डोळा गेला तर ज्ञानेश्वरी कोण वाचून दाखवील?’ मी म्हणालो, मी दाखवीन. ती म्हणाली, ‘तू अडखळतो.’

घरी आलो. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं बोलणं बंद. चपला काढल्या अन् थेट गोधडीच्या गाठोड्याकडं गेली. सुई काढली, दोरा काढला, दारातल्या उजेडात बसली. आधी डावा डोळा झाकला, दोरा ओवायला लागली. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. दोरा काढून घेतला, मग उजवा डोळा झाकला अन् परत ओवला. या वेळी पाच-सहा खेपा लागल्या. माझ्या पोटात गोळा आला, पण डॉक्टरताई, काढलेला दात उजवीकडचा होता अन् हुकायली ती डाव्या डोळ्यानं!

बत्तीशी
मामा, तो डावा डोळा आता दाखवून घ्या. मोतीबिंदू असणार. दाताचा त्यात काही हात नाही, हे त्यांनीच सिद्ध केलं.

सेलूकर_मामा
पुढच्या आठवड्यात नेतो. दात पुडीत बांधून आणलाय. भाच्यानं पट्टीवर ठेवून मोजला, शेंड्याला झिजलेला तरी २४ मिमी भरला. आई म्हणायली पत्र्यावर फेक, लहानपणी फेकायचो तसा. आमच्याकडं पत्रा नाही, माळवद आहे, म्हणून तो याच्या ऑफिसच्या बाहेर पडलाय सध्या.

मीच_तो_भाचा
तीन प्रश्नचिन्हांना मी काल उत्तर दिलं. सगळं खरं लिहिलं, आजीचा दातसुद्धा. साहेबानं लगेच फोन केला. एवढा हसला की मला निम्मं कळलंच नाही. आजी शेजारीच होती, तिला सांगितलं की याच्या बाकीच्या टीम माझ्या अहवालासाठी हाच दात द्यायला तयार होत्या.

तिनं बोळा बाजूला सारून विचारलं, ‘मग दिले का?’

खडूफळा
काय सांगितलंस?

मीच_तो_भाचा
नाही दिले म्हटलं. तर म्हणाली, ‘पेढे तरी पाठव म्हणावं.’ मामांनी तिथंच सांगितलं, शुगर.